ब गटातला एकोणिसावा

दारात उभा असलेला म्हातारा मेलेला आहे, हे किर्तीला त्याने निळं कार्ड टेबलावर ठेवल्यावर कळलं. परळच्या त्या हॉस्पिटलात, हृदयविकाराच्या ओपीडीला लागून असलेल्या खोलीत ती नऊ वर्षं बसत होती. खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, एक फोन, संगणक, आणि ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलाय अशा सहाशे तीस माणसांच्या फायली. त्यांना अधूनमधून फोन करून ठरलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून ठेवायची, हे तिचं काम. कार्डावर तिच्याच अक्षरात चारशे सतरा लिहिलेलं होतं आणि खाली नाव, रामचंद्र भिकाजी घाडी. अक्षर आपलं आहे हे तिला आधी दिसलं, नंबर नंतर. सहाशे तिसांतले सत्तावीस नंबर तिला पाढ्यासारखे पाठ होते, कारण ती सत्तावीस माणसं मेलेली होती, आणि चारशे सतरा त्या सत्ताविसांत होता. म्हाताऱ्याने पांढरा शर्ट घातला होता, घडीच्या रेषा अजून शर्टावर होत्या. तो हसत होता. "बाय, वळखलात काय?" तो म्हणाला. "मी रामू घाडी. तुमी माका फोन करूचा बंदच केलात. वर्स झाला. गावाक पण नेटवर्क असता आता." किर्तीच्या तोंडून आपोआप प्रश्नावलीतला पहिला प्रश्न निघाला, "तुम्ही कसे आहात?" तो म्हणाला, "मस्त. जिने नायत, काय नाय. सकाळी व्हाळापर्यंत चलत जातंय." तिने त्याला बसायला सांगितलं. मग काहीच सुचेना म्हणून त्याचा हात हातात घेतला आणि मनगटावर बोटं ठेवली. नाडी बघणं तिचं काम नव्हतं. पण बोटांखाली ती चालत होती, एकसारखी, जाड कातडीखाली कोणीतरी आतून बोट आपटत असल्यासारखी, आणि किर्ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजत राहिली. मोजून झालं तरी तिने हात सोडला नाही. म्हातारा जरा अवघडला. "काय बिघाड आसा काय?" त्याने विचारलं.

बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती. मालन घाडी. ती आत आली, आणि "कसा काय बाय" एवढं म्हणाली, तेवढ्यात किर्तीला आवाज ओळखता आला. किंचित फाटलेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर चढणारा. "गेल्या वर्षी सप्टेंबरात मी फोन केला होता," किर्ती म्हणाली. "तुम्हीच उचललेला ना?" मालनला ते चांगलं आठवत होतं. "व्हय तर. ह्यांचो फोन माझ्याकडेच होतो तेव्हा. तुमी किती मायेन बोललात. मी मागीर झिलाक म्हटलंय, हॉस्पिटलातली बाय फोनार रडली. माका कळाक नाय, हे गाडीन गावाक गेले तर ही बाय रडता कित्याक?" आणि ती हसली. नवराही हसला. किर्तीने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. चारशे सतरा. ब गट. मृत. कारण, हृदयविकार. त्या ओळीत कुठेही शंकेची जागा नव्हती. फक्त शेवटच्या रकान्यात, मृत्यूच्या दाखल्याची प्रत मिळाली का, तिथे 'येणे बाकी' असं लिहिलं होतं, आणि ते बाकी कुणी कधी मागितलं नव्हतं.

आपण फोनवर रडलो होतो हे तिला आठवत नव्हतं. संभाषण मात्र जसंच्या तसं आठवत होतं. तिने ते नंतर कितीदा तरी मनात ऐकलं होतं, कारण त्या सत्ताविसांत इतकं शांत मरण दुसऱ्या कुणाचं नव्हतं. तो सप्टेंबरातला दुसरा आठवडा होता. तिचे बाबा जाऊन चौदा दिवस झाले होते आणि ती त्याच दिवशी कामावर हजर झाली होती. तेरा दिवस नायगावच्या घरात जो येत होता तो एकच शब्द बोलत होता, गेले. चंदूअण्णा गेले. कधी गेले. कसे गेले. झोपेतच गेले का. शेजारपाजारचे, बेस्टमधले बाबांचे जुने सोबती, गावाहून आलेले चुलते, सगळे तोच शब्द हातात घेऊन येत आणि दारात चपलांजवळ ठेवून आत शिरत. चौदाव्या दिवशी तिने यादीतला पहिला नंबर फिरवला आणि विचारलं, घाडीकाका आहेत का. पलीकडून मालन म्हणाली, "ते गेले गो बाय. नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी गेले." वाईट झालं, असं किर्ती म्हणाली. "वाईट कसला? सुटले ते. हय चार माळे चढान-उतरान जीव नकोसो झाल्लो त्यांका." हृदयाचंच कारण ना, किर्तीने विचारलं. "व्हय, हार्टचाच कारण." जाताना काही त्रास झाला का? "नाय नाय. झोपानच गेले." आणि किर्तीने तारीख लिहिली, कारण लिहिलं, बटण दाबलं. त्या बाईचा आवाज तिला धीराचा वाटला होता. आपली आईसुद्धा असती तर असंच म्हणाली असती, सुटले, असं तिच्या मनात आलं होतं. आता समोर बसलेली मालन पिशवीतून काहीतरी काढत होती. कोकमाची पुडी होती. "तुमच्यासाठी हाडलंय," ती म्हणाली.

तो एक माणूस कमी झाला म्हणजे काय होतं, हे गणित करायला तिला संगणक लागला नाही. अभ्यास साधा होता. रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत जी बारीक जाळी बसवतात तिला औषधाचा लेप असतो, तो हळूहळू सुटतो आणि वाहिनी पुन्हा बुजू देत नाही. अशा दोन वेगवेगळ्या बनावटींच्या जाळ्या हॉस्पिटलात वापरल्या जात, आणि डॉ. गोरक्षकरांना बघायचं होतं की तीन वर्षांनी कुठल्या जाळीची माणसं जास्त चांगली राहतात. अ गटात तीनशे बारा, ब गटात तीनशे अठरा. अ मधले आठ मेले. ब मधले एकोणीस. डॉक्टरांनी तिला पहिल्या वर्षीच समजावलं होतं की फरक दिसला म्हणून तो असतोच असं नाही; दोन्ही जाळ्या सारख्याच असल्या तरी निव्वळ योगायोगाने किती वेळा एवढा फरक दिसेल ते काढायचं, आणि विसांतून एका वेळेपेक्षा ते कमी निघालं तरच फरक आहे म्हणायचं. एकोणीस धरले की ते कमी निघत होतं. अठरा धरले तर ते बरोबर त्या रेघेवर येऊन बसत होतं, म्हणजे काहीच म्हणता येत नव्हतं. मार्चमध्ये जेव्हा पहिल्यांदा निकाल आला तेव्हा तिने गंमत म्हणून एकेक आकडा कमी करून पाहिला होता, आणि डॉक्टर म्हणाले होते, "बघा किर्ती, एका माणसावर उभा आहे आपला पेपर." ते अभिमानाने म्हणाले होते. तो माणूस आता पाण्याची बाटली तोंडाला न लावता वरून पीत होता, आणि त्याच्या गळ्याची घाटी खालीवर होत होती.

ते दोघं गेल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. आपल्याला लाज वाटायला हवी, भीती वाटायला हवी, असं तिला कळत होतं, पण दोन्ही येत नव्हतं. कान बंद झाल्यासारखे झाले होते. ओपीडीतली नावांची हाक कापसातून यावी तशी येत होती. मनात एकच वाक्य पुन्हा पुन्हा उगवत होतं आणि ते अभ्यासाबद्दल नव्हतं. ते वैभवबद्दल होतं. तिच्या धाकट्या भावाबद्दल. मार्चमधल्या एका दुपारी ती नायगावला गेली होती, निकालाचा कागद पर्समध्ये घेऊन, आणि वैभवला म्हणाली होती, "बाबांना ब बसवला होता. सही तू केलीस."

बाबांना त्या आधीच्या वर्षी जानेवारीत झटका आला तो दादरला, भाजीच्या पिशव्या हातात असताना. लोकांनी जवळच्या कुठल्याशा हॉस्पिटलात नेलं. वैभव दादरलाच एका चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, तो दहा मिनिटांत पोचला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला उभ्या उभ्या किर्तीच्या अभ्यासातलीच दोन नावं सांगितली, हा स्टेंट की तो, दोन्ही चांगले, लवकर सांगा. वैभवला काय कळणार? त्याने किर्तीला फोन केला. ताई त्यातलीच आहे, ताईला माहीत असणार. त्याने सहा वेळा फोन केला. किर्ती तेव्हा दुसऱ्या फोनवर कांदिवलीच्या एका गृहस्थाला विचारत होती की जिना चढताना छातीत दाब येतो का, आणि टेबलावर मोबाइल थरथरत होता, त्यावर वैभवचं नाव होतं, आणि तिने मोबाइल पालथा घातला. कामाच्या वेळी तो कधीकधी उगाच फोन करायचा, म्हणून. मग वैभवने फॉर्मवर सही केली. जी जाळी आधी हाताशी होती ती बसवली. ब. बाबा सात महिने जगले, चांगले जगले, पत्ते खेळले, आणि ऑगस्टच्या शेवटी एका पहाटे उठलेच नाहीत. मोबाइल पालथा घातल्याचं तिने कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्याला, माधवलासुद्धा नाही. मार्चपर्यंत ते तिच्या आत एखाद्या गिळलेल्या बीसारखं पडून होतं. आणि मार्चमध्ये निकाल आला, तेव्हा तिला बाबांच्या मरणाचं कारण मिळालं, आणि कारणाबरोबर वैभव मिळाला.

तिने त्याला काय काय म्हटलं होतं ते आठवायची तिची इच्छा नव्हती, पण आता ते थांबेना. वैभव म्हणाला होता, "ताई, मी सहा वेळा फोन केला तुला." आणि ती म्हणाली होती, "मी कामात होते. थांबता नाही आलं तुला दहा मिनिटं? माझ्याकडे आकडे आहेत वैभव, अंदाज नाही, आकडे. एकोणीस आणि आठ. दुपटीहून जास्त." अपेक्षा, वैभवची बायको, मध्ये पडली, "ताई, पाणी तरी घ्या." किर्तीने पाणी घेतलं नव्हतं. वैभवचा चेहरा तिला नीट आठवत होता. रागाचा नव्हता. परीक्षेत नापास झाल्याचं कळलं तेव्हा, नववीत, तो असाच उभा होता, जणू आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये बाबांचं वर्षश्राद्ध होतं. वैभवचा निरोप आला होता, अपेक्षाच्या फोनवरून. किर्ती गेली नाही. ठाकूरद्वारच्या स्वतःच्या घरात तिने एकटीने पान वाढलं आणि वाडीतल्या आंब्याखाली ठेवलं, आणि कावळा आला तेव्हा तिला बरं वाटलं होतं, अगदी जिंकल्यासारखं.

डॉ. अनिश गोरक्षकर दोन वाजता ऑपरेशन थिएटरमधून आले. ती त्यांच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच सांगितलं. "सर, चारशे सतरा जिवंत आहे." ते डबा उघडत होते. "कोण चारशे सतरा?" आणि मग त्यांना कळलं. त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं, पूर्ण, चारही कड्या दाबून. "तुम्ही पाहिलंत?" "नाडी बघितली सर." हे वाक्य ऐकून ते हसले असते, एरवी. ते खिडकीशी गेले. तिथून एका बंद गिरणीच्या जागी उभा राहिलेला काचेचा मनोरा दिसायचा. किर्तीला त्यांच्या मानेवर घाम आलेला दिसत होता. पेपर स्वीकारला गेला होता. ऑक्टोबरमध्ये परिषदेत त्यांनी तो वाचला होता, लोकांनी उभं राहून प्रश्न विचारले होते. "पहिला विचार जो मनात आला," ते शेवटी म्हणाले, "तो मी तुम्हाला सांगणार नाही." मग ते वळले. "गेले आठ महिने मी माणसांना सांगतोय, ब घेऊ नका. इतर डॉक्टरांना फोन करून सांगितलंय. आणि कदाचित ते खरंही असेल, किर्ती. हीच तर गोची आहे. ब वाईट असू शकतो. फक्त आपल्याला ते माहीत नाही." त्यांनी विचारलं, दाखले किती जणांचे आहेत. सत्ताविसांतले एकवीस. "म्हणजे सहा घरं फक्त तुमच्या कानावर आहेत," ते म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. "सगळे सत्तावीस पुन्हा करा. दाखले असलेलेसुद्धा. आणि जे जिवंत म्हणून लिहिलेत, तेही, पुढच्या महिन्यात, दोघं मिळून करू. मी आजच संपादकांना लिहितो." ती दारापर्यंत गेली तेव्हा ते म्हणाले, "वडील गेले होते ना तुमचे त्या सुमाराला?" "हो सर." "मग मी तुम्हाला चौदाव्या दिवशी फोनवर बसवायला नको होतं," ते म्हणाले, आणि तिला पहिल्यांदा रडावंसं वाटलं, पण रडू आलं नाही.

तीन दिवस तिने मेलेल्यांच्या घरी फोन केले. असं काम जगात दुसऱ्या कुणाला असेल असं तिला वाटेना. तिने वाक्य तयार करून कागदावर लिहिलं होतं, आमच्या नोंदी तपासतोय, अमुक अमुक यांचं निधन अमुक तारखेला झालं हे बरोबर आहे का. निधन हाच शब्द. पण तो शब्द तोंडातून काढला की पलीकडे शांतता व्हायची आणि त्या शांततेत तिला घरांचे आवाज ऐकू यायचे, कुकरची शिट्टी, टीव्ही, कुणीतरी कुणाला तरी गप्प बस म्हणत होतं. एक मुलगा चिडला, "मॅडम, दोनदा सांगितलं, सर्टिफिकेट पाठवलं, आता काय अजून मारायचंय त्यांना?" एका वृद्ध गृहस्थांनी बायकोच्या मरणाची हकीकत पहिल्यापासून सांगितली, वीस मिनिटं, आणि शेवटी आभार मानले की कुणीतरी विचारलं. पण दाखले नसलेल्या सहांपैकी पाचवा फोन लालबागच्या कांता परब यांना होता. त्यांचा नवरा ब गटात होता. किर्तीने वाक्य वाचलं. मग फार हळू, घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "का हो? काही चुकलंय का?" किर्ती म्हणाली, नाही, फक्त नोंद. "नाही, तुम्ही असं विचारताय म्हणून," कांताबाई म्हणाल्या. "कुणी आलंय का तिकडे? त्यांच्या नावाचं?" त्या बाईने नवऱ्याच्या चितेला अग्नी दिलेला स्वतः पाहिला होता, ते ती पुढच्याच वाक्यात सांगणार होती, तरी एका फोनने, एका प्रश्नाने, तिच्यात ते उठून बसलं होतं. "नाही कांताताई," किर्ती म्हणाली. "कुणी आलेलं नाही. ते गेलेत." "हो," कांताबाई म्हणाल्या. "गेलेच ते. मला ठाऊक आहे." फोन ठेवल्यावर किर्ती संडासात जाऊन उभी राहिली आणि नळ सोडून ठेवला.

बाकीचे सगळे मेलेले होते. अठरा, आणि आठ. शनिवारी तिने शेवटची ओळ बदलली. चारशे सतरापुढे 'जिवंत' लिहिताना तिला वाटलं होतं की छाती हलकी होईल. एखादा माणूस परत मिळाला तर कुणालाही बरं वाटायला हवं. पण तिला तो परत मिळालेला नकोच होता, हे तिला त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की ती संगणकापासून मागे सरकली. रामू घाडी मेलेला असण्यावर तिचं वर्ष उभं होतं. तो मेला होता म्हणून बाबा ब मुळे गेले होते, बाबा ब मुळे गेले होते म्हणून वैभवने मारलं होतं, आणि वैभवने मारलं होतं म्हणून तो पालथा घातलेला मोबाइल नुसता मोबाइल होता. तिने एका अनोळखी म्हाताऱ्याला मारून ठेवलं होतं आणि त्याच्या जिवावर आरामात राहत होती. घरी येऊन तिने माधवला सगळं सांगितलं, मोबाइलचंसुद्धा. माधवने ऐकून घेतलं. तो शाळेत मास्तर आहे, त्याला उत्तर देण्याची घाई असते, पण त्या दिवशी "उद्या जा," एवढंच म्हणाला. "मी येऊ?" ती नको म्हणाली.

रविवारी सकाळी ती नायगावला गेली. वैभवच्या चाळीचा नंबर पुनर्विकासात अजून लागला नव्हता. समोरच्या चाळी पाडून झाल्या होत्या आणि तिथे पत्र्यांच्या कुंपणाआड क्रेन उभी होती, त्यामुळे ज्या खोलीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्या दिसायच्या तिथे आता भलतंच मोकळं आकाश होतं. बाबांना हे आवडलं नसतं. जिना चढताना तिच्या लक्षात आलं की आपण पायऱ्या मोजत आहोत. दार अपेक्षाने उघडलं. तिच्या हाताला पीठ होतं. तिने एक क्षण किर्तीकडे पाहिलं, आत बघून "अहो," म्हणाली, आणि बाजूला झाली. वैभव लुंगीवर, जमिनीवर बसून मिक्सर दुरुस्त करत होता. तो बारीक झाला होता. डोक्यावर कानाजवळ केस पांढरे झाले होते, मार्चमध्ये नव्हते. "ये," तो म्हणाला. मिक्सर खाली ठेवला नाही.

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं, रामू घाडीपासून. मालन काय म्हणाली आणि तिने काय ऐकलं. एकोणीसचे अठरा कसे झाले. अठरावर काहीच म्हणता येत नाही म्हणजे काय. ती सांगत असताना तिला स्वतःचा आवाज ओपीडीतल्यासारखा, समजावण्याचा लागतोय असं वाटलं, म्हणून ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आणि तुझे फोन मी बघितले होते. सहाही. नाव दिसत होतं. मी मोबाइल पालथा घातला." अपेक्षा ओट्याशी उभी होती, तिचं लाटणं थांबलं. वैभवने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मी गेलेलो त्या दादरच्या डॉक्टरकडे," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये. बाबांचं कार्ड घेऊन, तो स्टिकर असतो ना स्टेंटचा, त्यावर नंबर असतो, ते. म्हटलं, खरं सांगा, मी चुकीचा निवडला का. तो बोलला, दोन्ही सेम आहेत भाऊ, कुठलाही बसवला असता तरी. मला अर्धा तास समजावलं त्याने. चांगला माणूस." तो थांबला. "मी नाही ऐकलं. म्हटलं डॉक्टर आहे, स्वतःची साइड घेणारच. माझी ताई खोटं बोलणार नाही. तिच्याकडे आकडे आहेत."

हे किर्तीने कुठल्याच जिन्यावर मोजलं नव्हतं. त्याने तिच्यावर रागावावं, तिला घालवून द्यावं, याची तिने तयारी केली होती. त्याने इतके महिने तिच्यावर विश्वास ठेवला असेल, तिच्याइतकाच, तिच्याहून जास्त, असं तिच्या मनाला शिवलं नव्हतं. अपेक्षा मागून म्हणाली, "झोपत नव्हते ताई. दुकानात दोनदा चुकीचा नंबर घासला काचेला. मी म्हणत होते ताईंना फोन करा, तर म्हणायचे, काय तोंडाने करू." "तू गप," वैभव म्हणाला, पण रागाने नाही. मग किर्तीकडे न बघता त्याने विचारलं, "एक सांग. तो म्हातारा आला नसता, तर आली असतीस तू?"

खोटं बोलणं सोपं होतं. दिवाळीला येणारच होते, असं म्हणता आलं असतं आणि त्याने ते मानलंही असतं. तो तिचं मानतो हे तिला आताच कळलं होतं. "नाही," ती म्हणाली. "नसते आले."

"वाटलंच," वैभव म्हणाला. त्याने मान हलवली, एखादं माप बरोबर आल्यासारखी. बाहेर क्रेन रविवारचीही चालू होती, तिचा कण्हल्यासारखा आवाज येत होता. किर्तीला वाटलं, झालं, आता उठावं. ती उठणार तेवढ्यात तो म्हणाला, "मग बाबा कशानं गेले?"

तिला प्रश्न कळला नाही.

"नाही म्हणजे, ब मुळे नाही म्हणतेस. माझ्यामुळे नाही. तुझ्या फोनमुळे पण नाही, तू उचलला असतास तरी तू काय सांगणार होतीस, तेव्हा तुलापण माहीत नव्हतं. मग कशानं गेले, ताई? आदल्या दिवशी माझ्याशी पत्ते खेळले ते."

नऊ वर्षं ती कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहीत आली होती. तो रकाना रिकामा सोडता येत नाही, संगणक पुढे जाऊ देत नाही. "माहीत नाही वैभव," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

वैभव तिच्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ लहान मुलासारखे वाकडे झाले. स्मशानात तो रडला नव्हता, त्याला लाकडं, गुरुजी, माणसं बघायची होती. आणि नंतर तो गुन्हेगार होता, त्याला रडता येत नव्हतं. आता त्याच्या छातीतून एक आवाज आला, घोगरा, मोठा, शेजारच्या खोलीतलं कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं इतका मोठा. अपेक्षाने जाऊन दार लोटलं. किर्ती गुडघ्यांवर सरकत त्याच्याजवळ गेली. मिक्सरचे स्क्रू तिच्या हाताखाली रुतत होते, ते तिने बाजूला केले नाहीत.